रजेवर गेलं की ऑफिसचे फोन: तुम्ही कामाची घडी कशी बसवलीत?

निळी शाई | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

ऑफिस असिस्टंट म्हणून काम करून मला ४ वर्षं झाली. तिघा वरिष्ठांची कॅलेंडरं, पत्रव्यवहार, प्रवासाची बुकिंग, मीटिंगची इतिवृत्तं, बिलं पुढे सरकवणं हे सगळं माझ्याकडे असतं. कामाचा उरक चांगला आहे, कोणाची तक्रार नाही.

गेल्या महिन्यात ९ दिवस रजेवर होते. त्या ९ दिवसांत ऑफिसमधून ३१ फोन आले. परत आल्यावर मी ते सगळे लिहून काढले. १९ फोन "अमुक फाईल कुठे आहे" एवढ्यासाठीच होते, ६ फोन "यातली शेवटची प्रत कुठली" म्हणून. खरोखर मलाच विचारावं लागेल असे जेमतेम ६.

म्हणजे माझं काम मला येतं, पण ते माझ्याशिवाय कोणाला सापडत नाही. हे मला फार लागलं. तुम्ही फाईली, ईमेल, एक्सेल, कॅलेंडर यांची मांडणी कशी केली आहे? एखादी सवय, एखादं सॉफ्टवेअर, काहीही चालेल. फक्त स्वतः वापरून पाहिलेलं सांगा.

---

टाचणी | सोमवार, रात्री १०.०५

फाईलच्या नावाची सुरुवात तारखेने. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२५-०३-०९. हाच क्रम तारखा लिहिण्याच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे आणि ते १९८८ पासून आहे. दिवस आधी लिहिला की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एका जागी गोळा होतात. वर्ष आधी लिहिलं की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप तारखेप्रमाणेही लागते. तारखेनंतर विषय, त्यानंतर कोणासाठी. एवढ्यानेच निम्मे फोन थांबतील.

---

अर्धविराम | सोमवार, रात्री १०.२१

टाचणीशी सहमत. जोडीला एक नियम: फाईलच्या नावात "फायनल" हा शब्द घालायचा नाही. आमच्याकडे एका करारनाम्याच्या "फायनल"ला मुलंबाळं, नातवंडं, पतवंडं झाली होती. आता ०१, ०२, ०३ असे आकडे आणि सही झालेल्या प्रतीच्या नावात "सहीसह". सहीसह प्रत एकच असते, ती वेगळ्या फोल्डरमध्ये आणि पीडीएफमध्येच.

---

रानवाट | सोमवार, रात्री १०.५०

नावं सुधाराच, पण मला दुखणं दुसरीकडे दिसतंय. या फाईली आहेत कुठे? तुमच्या कॉम्प्युटरवर, तुमच्या मेलबॉक्समध्ये, तुमच्या डेस्कटॉपवर? असं असेल तर नाव कितीही सुंदर असो, फोन येणारच.

आमच्या विभागात दोन गोष्टी बदलल्या. एक, बाहेरच्यांशी पत्रव्यवहार माझ्या नावाच्या पत्त्यावरून न करता विभागाच्या सामायिक मेलबॉक्समधून. तो तिघांना दिसतो. दोन, फाईल जोडून पाठवणं बंद, लिंक पाठवणं सुरू. फाईल शेअरपॉइंटवर (ऑफिसची सामायिक ऑनलाइन जागा) एकच राहते आणि मागच्या आवृत्त्या तिच्याच इतिहासात सापडतात. जोडून पाठवली की पाच जणांकडे पाच प्रती, आणि मग तुमच्यासारखे ते ६ फोन.

---

निळी शाई | सोमवार, रात्री ११.०२

@रानवाट, अगदी बरोबर ओळखलंत. बहुतेक सगळं माझ्या मेलबॉक्समध्ये आहे. "शोधलं की मिळतं" म्हणून मी कधी हलवलंच नाही. मिळतं, पण मलाच.

---

पूर्णांक | मंगळवार, सकाळी ८.१५

एक्सेलचं मी सांगतो, कारण आमच्याकडच्या निम्म्या घोळांचं मूळ तिथेच निघतं.

१. यादी केली की लगेच कंट्रोल + टी. साध्या ओळींचं टेबल होतं. खाली नवी ओळ लिहिली की सूत्र, रंग, फिल्टर सगळं आपोआप पुढे जातं. दुसऱ्याने भरलं तरी मांडणी मोडत नाही.

२. "स्थिती"च्या रकान्यात लोकांना हवं ते लिहू देऊ नका. डेटा व्हॅलिडेशनने यादी लावा: आलं, पाठवलं, थांबलं, झालं. नाहीतर कोणी "पेंडिंग" लिहितं, कोणी "बाकी", कोणी "करतो", आणि फिल्टर लावून उपयोग होत नाही.

३. व्हीलुकअप (यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं सूत्र) वापरत असाल तर सूत्राचा शेवटचा भाग रिकामा सोडू नका. सोडला तर ते "जवळपास जुळणारं" शोधतं, आणि यादी क्रमाने लावलेली नसेल तर चुकीचं उत्तर अगदी ठामपणे देतं. लाल चौकट नाही, इशारा नाही. तिथे शून्य लिहा, किंवा नवी आवृत्ती असेल तर एक्सलुकअप घ्या. ते मुळातच तंतोतंत जुळणारं शोधतं.

४. दोन नावं दिसायला सारखी, तरी जुळत नाहीत? शेवटी रिकामी जागा असते. ट्रिम हे जादा जागा काढणारं सूत्र लावा. वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र वेगळ्या प्रकारची जागा येते, ती ट्रिमने जात नाही. ती एक जागा कॉपी करून फाइंड-रिप्लेसने काढावी लागते. यात माझी अख्खी एक संध्याकाळ गेली आहे, तुमची जाऊ नये.

५. आवक नोंदवहीत तारीख टाकताना टुडे हे सूत्र नको. ते रोज बदलतं. म्हणजे परवा आलेलं पत्र उद्या "उद्या आलेलं" होईल. कंट्रोल + अर्धविराम दाबा, आजची तारीख कायमची बसते.

---

अर्धविराम | मंगळवार, सकाळी ८.३२

माझ्या नावाची कळ एवढ्या कामाची आहे हे आज कळलं! 🙂

---

कोरा कागद | मंगळवार, सकाळी ९.१०

@पूर्णांक, तारखांवर अजून लिहा ना. बाहेरून आलेल्या यादीत ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, यावरून आमच्याकडे एका पाहुण्यांचं बुकिंग चुकलं होतं. दोष कोणाचा, यावर आठवडाभर ईमेल चालले.

---

पूर्णांक | मंगळवार, दुपारी १.२०

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. आपल्याला दिसतो तो त्या आकड्याचा फक्त पोशाख. म्हणून सेल रुंद करून बघा: खरी तारीख उजवीकडे चिकटते, तारखेसारखा दिसणारा मजकूर डावीकडे. एकाच रकान्यात काही उजवीकडे आणि काही डावीकडे असतील, तर समजा की दिवस-महिन्याची अदलाबदल झाली आहे. १२ पेक्षा मोठे दिवस महिना म्हणून बसत नाहीत, ते मजकूर म्हणून उरतात. बाकीचे गुपचूप चुकीची तारीख होऊन बसलेले असतात, आणि खरा धोका त्यांचाच.

थोडं विषयांतर, पण सांगतोच. एक्सेलच्या हिशेबात २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख आहे, आणि प्रत्यक्षात ते लीप वर्ष नव्हतंच. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ही चूक होती. त्याच्या फाईली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून तशीच ठेवली.

आणि "मार्च१", "सेप्ट१" अशा नावांची जनुकं एक्सेल तारखा समजायचं. शेवटी २०२० साली जनुकांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. शास्त्रज्ञांनाही इथे नमतं घ्यावं लागलं, म्हणून लांबलचक क्रमांक, शून्याने सुरू होणारे कोड, तारखेसारखे दिसणारे संदर्भ भरण्याआधी तो रकाना "टेक्स्ट" करा. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक असतं. १६ आकडी क्रमांक साधा लिहिला तर शेवटच्या आकड्याचं शून्य होतं आणि ते परत मिळत नाही.

---

सातवा मजला | मंगळवार, दुपारी १.४८

यात जुन्या फाईलींचीही भर घाला. जुन्या .एक्सएलएस प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात, नव्या .एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून राहून गेले, ते या जुन्या प्रकारामुळेच. फाईल भरली आणि पुढच्या ओळी गळाल्या. "जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करू का?" असं विचारणाऱ्या चौकटीवर न वाचता "हो" म्हणू नका.

---

जुनी फाईल | मंगळवार, रात्री ८.३०

निळी शाई ताई, मी या कामात २६ वर्षं काढली, टाइपरायटरपासून सुरुवात केली. तरुण मंडळी सॉफ्टवेअरचं छान सांगत आहेत. मी कागदावरची एक गोष्ट सांगते, ती आजही कॉम्प्युटरवर तशीच चालते.

माझ्या टेबलाच्या खणात ४३ फोल्डर असायचे. ३१ दिवसांचे आणि १२ महिन्यांचे. एखादं पत्र १७ तारखेला पाठवायचं असेल तर ते १७ च्या फोल्डरमध्ये. सप्टेंबरात करार संपणार असेल तर त्याची प्रत सप्टेंबरच्या फोल्डरमध्ये. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे आजच्या तारखेचं फोल्डर रिकामं करायचं आणि ते रांगेत शेवटी सरकवायचं. महिना सुरू झाला की त्या महिन्याचं फोल्डर उघडून कागद तारखांमध्ये वाटायचे.

याचा मोठा फायदा असा की डोक्यात काही ठेवावं लागत नसे. आणि मी आजारी पडले तर कोणीही येऊन आजचं फोल्डर उघडायचं. कोणाला फोन करायची गरजच नव्हती! एकदा मी ३ आठवडे अंथरुणावर होते, तेव्हा नव्याने लागलेल्या मुलाने त्या खणावर सगळं निभावलं.

आता मी तेच सामायिक कॅलेंडरमध्ये करते. दिवसभराची नोंद, त्यात फाईलची लिंक, आणि पुढे कोणाला विचारायचं त्याचं नाव. आउटलुकमध्ये ईमेलला झेंडा लावण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. झेंडा मला दिसतो, कॅलेंडर सगळ्यांना दिसतं.

---

निळी शाई | मंगळवार, रात्री ९.०५

जुनी फाईल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "झेंडा मला दिसतो, कॅलेंडर सगळ्यांना" हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवते आहे.

---

कोरा कागद | मंगळवार, रात्री ९.४०

माझ्याकडून रोज हाताखाली येणाऱ्या कळा:

विंडोज + व्ही: शेवटच्या २५ कॉपी केलेल्या गोष्टी दिसतात, हव्या त्या पिन करता येतात. पहिल्यांदा दाबल्यावर ती सोय सुरू करावी लागते. मी विभागाचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक पिन करून ठेवले आहेत.

विंडोज + शिफ्ट + एस: स्क्रीनचा हवा तेवढाच तुकडा.

वर्डमध्ये फाईल उघडल्या उघडल्या शिफ्ट + एफ५: काल जिथे थांबलो तिथे थेट. ६० पानी अहवालात हा जीव वाचवतो.

वर्डमध्ये शिफ्ट + एफ३: सगळं मोठ्या लिपीत टाइप झालेलं इंग्रजी परत टाइप न करता ठीक होतं.

एफ४: शेवटची कृती पुन्हा. ४० ओळींना एकच रंग द्यायचा असेल तेव्हा बघा.

---

टाचणी | मंगळवार, रात्री ९.५५

विंडोज + व्ही बद्दल एक सावधगिरी. कॉपी केलेला पासवर्डही त्या यादीत दिसू शकतो. टेबल सोडताना विंडोज + एल.

---

सावली | बुधवार, सकाळी ७.५०

सगळ्यांचं वाचलं. माझा उपाय फार सोपा आहे: रजेवर जाताना माझा पासवर्ड शेजारच्या मैत्रिणीला देऊन जाते. एकही फोन येत नाही.

---

रानवाट | बुधवार, सकाळी ८.०५

सावली, कृपा करून हे थांबवा. तुमच्या नावाने गेलेला प्रत्येक ईमेल तुमचाच धरला जातो. उद्या तिच्याकडून काही चुकलं तर तुम्ही दोघीही अडचणीत, आणि तिची त्यात काही चूकही नसेल. आउटलुकमध्ये प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. तिला फक्त कॅलेंडर दाखवता येतं, किंवा तुमच्या वतीने उत्तर देण्याची परवानगी देता येते, आणि रजा संपली की ती काढून घेता येते. आयटीवाल्यांना विचारलंत तर थोडक्या वेळात होईल.

---

सावली | बुधवार, सकाळी ८.४०

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. आजच विचारते. मनापासून आभार.

---

सातवा मजला | बुधवार, दुपारी १.१५

ईमेलबद्दल एक. पाठवल्यावर परत बोलावण्याच्या सोयीवर भरवसा ठेवू नका. आउटलुकचं "रिकॉल" संस्थेबाहेर गेलेल्या ईमेलला चालत नाही. त्याऐवजी पाठवण्याआधीच थांबवा. आउटलुकमध्ये नियम लावून प्रत्येक ईमेल काही मिनिटं आउटबॉक्समध्ये रोखता येतो, कमाल १२० मिनिटं. मी २ ठेवली आहेत. जीमेलमध्ये ही सवलत जास्तीत जास्त ३० सेकंदांची मिळते, सेटिंगमध्ये जाऊन ती पूर्ण ३० करून घ्या.

आणि लिहिण्याचा क्रम उलटा करा. आधी जोडायची फाईल, मग मजकूर, मग विषय, शेवटी पत्ता. पत्ताच नसेल तर अर्धवट ईमेल चुकून जाणार कसा? पूर्वी एकदा माझ्याकडून २०० लोकांना आमंत्रण गेलं आणि सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसले, कारण बीसीसीऐवजी सीसी. त्या दिवशी आलेली उत्तरं अजून आठवतात. तेव्हापासून एवढ्या लोकांना मी मेल मर्जनेच पाठवते. प्रत्येकाला स्वतंत्र ईमेल जातो, नावानिशी.

---

अर्धविराम | बुधवार, दुपारी २.००

मेल मर्जमध्ये एक्सेलमधल्या तारखा आणि रकमा विचित्र रूपात येतात, त्यावर उपाय: एक्सेलमध्येच शेजारी एक रकाना करून टेक्स्ट या सूत्राने तारीख हवी तशी मजकुरात बदला आणि मर्जला तो रकाना द्या. वर्डमधले कोड पाठ करण्यापेक्षा हे सोपं, आणि दुसऱ्यालाही समजतं.

---

संधिप्रकाश | बुधवार, रात्री ९.२०

कॅलेंडरचा विषय राहिला. दोन देशांतल्या लोकांच्या मीटिंग लावणाऱ्यांनी मार्च महिना जपून काढावा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले २ ते ३ आठवडे त्यांच्यातलं अंतर नेहमीपेक्षा एक तास कमी असतं. शरद ऋतूत पुन्हा तसंच, पण एकच आठवडा: युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. दर आठवड्याची मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधली आहे हे आमंत्रणात लिहा. आउटलुकच्या कॅलेंडरला शेजारी दुसरा टाइम झोनही लावता येतो. मी वरिष्ठांसाठी लावून दिला आणि "त्यांच्याकडे आत्ता किती वाजले" हा प्रश्नच संपला.

---

वाटाड्या | बुधवार, रात्री १०.१०

मी सध्या २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती असं घड्याळ लावून बसतो. उरक दुप्पट झाला. सगळ्यांनी करून बघा.

---

टाचणी | बुधवार, रात्री १०.२५

वाटाड्या, तुम्हाला लाभलं याचा आनंद आहे, पण असिस्टंटच्या खुर्चीत ते जमत नाही असं माझं मत. आपलं कामच मुळी कोणी हाक मारली की उठायचं. १२ व्या मिनिटाला साहेब दारात उभे असतील तर "अजून १३ मिनिटं" म्हणता येत नाही. माझ्यासाठी उलटा उपाय चालला: उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत लिहायची. "परिशिष्ट २ तपासायचं, मग पीडीएफ." परत आल्यावर डोकं खाजवत बसावं लागत नाही. आणि दिवसात एकच तास, सकाळचा पहिला, वरिष्ठांशी बोलून राखून घेतला आहे.

---

वाटाड्या | बुधवार, रात्री १०.४०

मान्य. मी हिशेब विभागात आहे, मला हाका कमी येतात. ती एका ओळीची चिठ्ठी मीही सुरू करतो.

---

सावली | गुरुवार, सकाळी ८.१०

इतिवृत्तासाठी एआय कोणी वापरतं का? आमच्याकडे टीम्समध्ये मीटिंगचा मजकूर आपोआप लिहिला जातो.

---

जुनी फाईल | गुरुवार, सकाळी ९.००

वापरते, पण त्यावर सही करत नाही. मजकूर चांगला येतो. मात्र "विचार करू" आणि "करू" यांत तो फरक करत नाही, आणि इतिवृत्तात सगळं महत्त्व त्या फरकालाच असतं. एकदा एका जबाबदारीपुढे भलत्याच माणसाचं नाव आलं होतं. म्हणून मीटिंग चालू असताना मी हाताने तीनच रकाने भरते: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. एआयचा मसुदा त्याच्याशी ताडून बघते. आणि पगार, नेमणुका, तक्रारी असे विषय असतील तर बाहेरच्या कुठल्याही मोफत एआयमध्ये एक ओळही टाकत नाही.

---

पूर्णांक | गुरुवार, सकाळी ९.२५

याला जोडून: पीडीएफमध्ये नावं झाकण्यासाठी काळी पट्टी ओढू नका. पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की सगळं वाचता येतं. पीडीएफ संपादनाच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कायमचा काढून टाकण्याची वेगळी सोय असते, तीच वापरा.

---

निळी शाई | पुढच्या महिन्यातला रविवार, संध्याकाळी ६.१५

मंडळी, धागा वर काढते आहे, कारण हिशेब द्यायचा आहे.

तुमच्या सल्ल्यांतून मी ५ गोष्टी केल्या. सामायिक मेलबॉक्स मागून घेतला. चालू कामाच्या फाईली शेअरपॉइंटवर हलवल्या आणि नावं वर्ष-महिना-दिवस केली. फोल्डरांच्या पायऱ्या ३ पेक्षा जास्त ठेवल्या नाहीत, कारण हलवताना काही फाईली उघडेनात आणि कळलं की फोल्डरांची नावं धरून फाईलचा पूर्ण पत्ता २६० अक्षरांपलीकडे गेला की विंडोज अडून बसतं. जुनी फाईल यांचं कॅलेंडर सुरू केलं. आणि एक पान लिहिलं, "मी नसताना". त्यात तिघा वरिष्ठांची ठरलेली कामं, दर महिन्याच्या तारखा, कोणत्या कामासाठी कोणाला विचारायचं, आणि सगळ्या लिंका.

ते पान लिहिणं सगळ्यात अवघड गेलं. मी रोज काय करते हे मलाच नीट सांगता येत नव्हतं. शेवटी एक युक्ती केली: आठवडाभर कोणी काही विचारलं की उत्तर आधी त्या पानात लिहायचं आणि मग त्यांना त्याची लिंक द्यायची. पान आपोआप भरत गेलं.

परवा २ दिवस मुद्दाम रजा घेतली. ३ फोन आले. त्यातला एकच फाईलसाठी होता, कारण त्या लिंकला मी परवानगीच दिली नव्हती. दुसरा एका पाहुण्यांचा वेळ बदलला म्हणून, तो मलाच यायला हवा होता. तिसरा आमच्या वरिष्ठांचा: "तुमचं ते पान वाचलं. तुम्ही एवढं सगळं करता हे मला माहीत नव्हतं."

तो फोन मात्र मी रजेत असूनही मनापासून घेतला.

---

जुनी फाईल | रविवार, संध्याकाळी ७.००

डोळ्यांत पाणी आलं ताई. ते पान दर तिमाहीत एकदा दुसऱ्याला वाचायला द्या. त्याला जिथे अडेल तिथे खूण करायला सांगा.

---

सावली | रविवार, संध्याकाळी ७.२०

"मी नसताना" पानातले मथळे इथे देता का? मजकूर नको, फक्त मथळे. मी उद्यापासून माझं लिहायला घेते.

---

निळी शाई | रविवार, रात्री ८.०५

देते ना. रोजची कामं. महिन्याच्या तारखा. प्रत्येक वरिष्ठांच्या आवडीनिवडी (सकाळी मीटिंग नको, छापील प्रत हवी, असं). फाईली कुठे. नमुना पत्रं. कोणाला विचारायचं. आत्ता मध्येच अडकलेली कामं. हे शेवटचं रजेच्या आदल्या दिवशी ताजं करायचं, बाकीचं बदललं की लगेच.